थ्रेसचा कालोगेरोस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कालोगेरोस म्हणजे नेमकं काय?

थ्रेस प्रांतातल्या (हा आज ग्रीस, तुर्कस्तान आणि बल्गेरियात विभागलेला आहे) ग्रीक खेड्यांमध्ये कार्निव्हलच्या, म्हणजे मोठ्या उपासाआधीच्या मौजेच्या काळाच्या, शेवटच्या आठवड्यात होत आलेलं सोंग. एका दिवसाचा खेळ असतो. सकाळी सोंगाडे दारोदार फिरून शिधा गोळा करतात. दुपारी चर्चसमोरच्या मोकळ्या जागेत लग्न, खून, शोक आणि मेलेल्याचं उठून बसणं, असं सगळं घडतं. शेवटी खरा नांगर येतो, माणसांना जू लावून तो ओढतात आणि मागून बी फोकतात. संध्याकाळी गोळा झालेल्या शिध्यावर जेवण.

खेळ मुख्यतः दोन वर्णनांमुळे जगाला कळला. गेओर्गिओस विझीनोस हा ग्रीक कवी-कथाकार मूळचा विझी गावचा; त्याने १८८८ मध्ये आपल्या गावच्या खेळाबद्दल लिहिलं. मग १९०६ मध्ये आर. एम. डॉकिन्स या इंग्रज अभ्यासकाने विझीजवळच्या आयिओस गेओर्गिओस या खेड्यात तो प्रत्यक्ष पाहिला आणि त्याच वर्षी छापला. खाली 'जुना खेळ' म्हटलं आहे तिथे ही दोन वर्णनं गृहीत धरा.

'कालोगेरोस' म्हणजे ग्रीकमध्ये संन्यासी ना? मग बोकडाचं कातडं कशाला?

आजच्या ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ मठातला साधू हाच आहे. पण शब्द फोडला तर 'कालोस' म्हणजे चांगला आणि 'गेरोस' म्हणजे म्हातारा. इथे अर्थ 'चांगला म्हातारा' असाच घ्यायचा. मठाशी या सोंगाचा काही संबंध नाही. ऑनलाइन भाषांतरात 'भिक्षू नाचतो' असं काही वाचलंत तर गोंधळ इथेच झालेला असतो.

बल्गेरियाच्या बाजूला याच जातीच्या सोंगाला कुकेर म्हणतात. काळ्या समुद्राजवळच्या कोस्ती गावातले ग्रीक लोकही तो शब्द वापरत.

तारीख कशी काढायची?

ऑर्थोडॉक्स ईस्टरपासून मागे मोजायचं. ईस्टरच्या ७० दिवस आधी कार्निव्हलचा काळ उघडतो. ५६ दिवस आधीच्या रविवारी मांस बंद होतं. पुढचा आठवडा 'चीजचा आठवडा': दूध, चीज, अंडी चालतात, मांस नाही. त्या आठवड्याचा सोमवार, म्हणजे ईस्टरच्या ५५ दिवस आधीचा दिवस, कालोगेरोसचा. ४८ दिवस आधीच्या 'स्वच्छ सोमवारी' मोठा उपास सुरू होतो.

२०२६ मध्ये हा दिवस १६ फेब्रुवारी, २०२७ मध्ये ८ मार्च, २०२८ मध्ये २१ फेब्रुवारी.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. 'चीज सोमवार' आणि 'स्वच्छ सोमवार' यांत बरोबर आठवड्याचं अंतर आहे. पर्यटनाच्या पानांवर ठळक जाहिरात असते ती दुसऱ्याची, कारण त्या दिवशी देशभर सुट्टी असते. त्या दिवशी पोचलात तर खेळ होऊन आठवडा झालेला असतो. दुसरी चूक म्हणजे पाश्चात्त्य ईस्टर धरून मोजणं. गोव्याचा कार्निव्हल त्या ईस्टरवरून ठरतो आणि दोन्ही ईस्टर दर वर्षी जुळतातच असं नाही. २०२७ मध्ये गोव्यातला उपास १० फेब्रुवारीला सुरू होईल आणि कालोगेरोस त्यानंतर जवळपास चार आठवड्यांनी येईल.

या तारखेमुळे आणखी एक गोष्ट उलगडते: दारोदारी मिळतात ती भाकरी, अंडी आणि पैसे. मांस आदल्या दिवशीच बंद झालेलं असतं.

खेळाला किती माणसं लागतात?

जुन्या खेळात साधारण अकरा-बारा.

दोन कालोगेरी ('कालोगेरोस'चं अनेकवचन), यांची लग्नं झालेली असावी लागतात. दोन 'कोरित्सिया', म्हणजे मुली. हे बायकी वेषातले अविवाहित तरुण, यांना नवऱ्या असंही म्हणतात. एक बाबो, फाटक्या कपड्यातली म्हातारी. हीही पुरुषच, हातात टोपली आणि टोपलीत बाळ. एक लोहार आणि त्याची बायको, चिंध्यांमध्ये, तोंड काळं केलेलं, हातात जाड सोटे. तलवार आणि चाबूक घेतलेले दोन-तीन शिपाई. एक गाइदा वाजवणारा. गाइदा म्हणजे कातडी पिशवीचं वाद्य, मशकबाजाच्या जातीचं. शिवाय नांगरामागे बी टाकणारा एक.

लोहार-जोडप्याला मूळ खेळात 'कात्सिवेली' म्हणत. बाल्कनमधल्या रोमा लोकांसाठीचा हा हेटाळणीचा शब्द आहे. रोमा लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोहारकाम करत, म्हणून ऐरणीचं काम त्यांच्याकडे. खेळात त्यांना नुसतं विनोदी पात्र समजणं चूक ठरेल: फाळ तेच घडवतात आणि फाळाशिवाय शेवटचा अंक होत नाही.

कालोगेरोसचं सोंग कसं चढवतात?

डोक्यावर शिंगं काढलेलं अख्खं बोकडाचं कातडं. आत वाळलेलं गवत दाबून भरतात, म्हणजे डोकं उंच दिसतं. कातड्याचा पुढचा भाग चेहऱ्यावर आणि मानेवर मुखवट्यासारखा उतरतो. डोळ्यांना आणि तोंडाला भोकं. खांद्यांवर पुन्हा गवताची जाड गादी, पण ती शोभेसाठी नाही. दिवसभर खांद्यावर फटके पडतात, ते सोसायला ती लागते. हात काजळीने काळे. कमरेला मेंढरांच्या घंटा. एकाच्या हातात लाकडी लिंग, दुसऱ्याच्या हातात सोंगाचं धनुष्य.

विझीनोसच्या वर्णनात अंगावरही कातडी आहेत, आयिओस गेओर्गिओसमध्ये मुख्य भर डोक्यावर आहे. एकाच तालुक्यात दोन गावांची सोंगं अशी वेगळी असतात, त्यामुळे 'अस्सल पोशाख कोणता' या प्रश्नाला उत्तर नाही.

दिवसभरात काय काय होतं, क्रमाने सांगा.

सकाळी फेरी. गावातलं एकही घर सोडायचं नाही. कालोगेरी दारावर धडका देतात, कोरित्सिया अंगणात नाचतात, लोहार-जोडपं दारापुढच्या गवताच्या ढिगावर पाचकळ नक्कल करतं. घरातली बाई भाकरी, अंडी किंवा नाणं घालते आणि मंडळी पुढे.

सगळी घरं झाली की चर्चसमोर. गाव आधीच जमलेलं असतं. सगळे सोंगाडे हात धरून एक फेर नाचतात, मग कालोगेरी बाजूला होतात.

पहिली ऐरण. लोहार फाळ ठोकल्याचं नाटक करतो, बायको भाता ओढल्याचं. लोखंड नाही, भाता नाही, नुसते हातवारे. हे लक्षात ठेवा, याचं कारण पुढे येतं.

बाळ मोठं होतं. बाबोचं टोपलीतलं बाळ भराभर वाढल्याचं ती सांगते. आता त्याला टोपली पुरत नाही. खायला मागतं, प्यायला मागतं, ते संपतंय तोवर बायकोच मागतं.

लग्न. एक कालोगेरोस एका कोरित्सीच्या मागे धावतो, तिला धरतो आणि दोघांचं खोटं लग्न लागतं. खऱ्या लग्नविधीचीच ही थट्टा असते, हार-मुकुटांसकट.

खून. दुसरा कालोगेरोस नवरदेवावर बाण सोडतो. नवरदेव पालथा पडतो. मारणारा सुरी काढून त्याचं कातडं सोलल्यासारखं करतो. नवरी प्रेतावर अंग टाकून हंबरडा फोडते, आणि मग मारणाराही रडायला लागतो. सगळे रडतात. अंत्यविधीची नक्कल होते, प्रेत खांद्यावर उचलतात. तेवढ्यात मेलेला उठून उभा राहतो. मंत्र नाही, औषध नाही, तो नुसता उठतो.

दुसरी ऐरण. पुन्हा फाळ ठोकायचा, पण या वेळी समोर खरा फाळ असतो. घणाचा आवाज येतो. थट्टा इथे थांबते.

नांगर. खरा नांगर आणतात. दोन्ही कोरित्सियांना जू लावतात आणि चौकाला दोन फेऱ्या मारतात. एक कालोगेरोस मागे रुमणं धरतो, दुसरा पुढे राहून वाट दाखवतो, तिसरा माणूस मागून टोपलीतलं बी फोकत येतो. तिसऱ्या फेरीला जुवाखाली लोहार-जोडपं. विझीत मात्र नांगर कालोगेरीच ओढत.

फेऱ्या चालू असताना गाव मोठ्याने मागणं मागतं: गहू दहा कुरुश होऊ दे, राय पाच कुरुश, बार्ली तीन कुरुश, आमेन देवा, गरिबाला खायला मिळू दे, होय देवा, गरिबाचं पोट भरू दे. भाव धान्याच्या जुन्या मापाचा, आपल्याकडे पायली-मण म्हणायचे तसं. कुरुश हे उस्मानी नाणं. गंमत बघा, शेतकरी देवाकडे स्वस्ताई मागतोय! भाव उतरतो तो पीक अमाप आलं की, म्हणून भाव पाडून मागणं म्हणजे सुकाळच मागणं.

ऐरण दोनदा का? लिहिताना एकदाच सांगितलं तर चालेल का?

नाही. खेळाचा सांधा तिथेच आहे. पहिल्या वेळी हवेत ठोकतात, दुसऱ्या वेळी लोखंडावर. मधे एक माणूस मरून उठला आहे. आधीचं सगळं सोंग, नंतरचं सगळं खरं काम: खरा फाळ, खरा नांगर, खरं बी. बरेच संक्षेप दोन्ही ऐरणी एकत्र करतात आणि मग शेवटचा नांगर कुठून उगवला हे वाचणाऱ्याला कळत नाही.

नांगर कुठल्या दिशेने फिरतो?

सूर्याच्या उलट, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्याही उलट. आपल्याकडे उलटी फेरी अशुभ मानतात, म्हणून मराठी वाचक हे हमखास विचारतात. ग्रीक खेळात त्या दिवसाचं सगळंच उलटं आहे: पुरुष बाई होतो, म्हाताऱ्या बाबोच्या टोपलीत तान्हं बाळ असतं, मारणारा रडतो, बैलाच्या जागी नवरी. नांगरही त्याच रांगेत बसतो, असं आम्हाला वाटतं. गावकरी मात्र 'असंच असतं' एवढंच सांगत.

टोपलीतल्या बाळाचा डायोनिससशी काय संबंध?

डायोनिसस म्हणजे प्राचीन ग्रीकांचा दारूचा देव. खेळाचा सगळ्यात जुना वाटणारा भाग हाच, म्हणून जरा सविस्तर.

बाबोच्या टोपलीला थ्रेसच्या बोलीत 'लिक्नी' म्हणत. प्राचीन ग्रीकमध्ये 'लिक्नॉन' म्हणजे आपलं सूप: पुढून उघडं, मागून उचललेलं, धान्य पाखडायचं. सुपात बाळ ठेवायची रीत आपल्यालाही परकी नाही, त्यामुळे चित्र मराठी माणसाच्या डोळ्यापुढे लगेच उभं राहतं. प्राचीन काळी डेल्फीच्या बायका 'लिक्नितेस' म्हणजे 'सुपातल्या' देवाला जागं करत, असं प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो. तो देव डायोनिसस. डायोनिससच्या मिरवणुकांच्या शिल्पांत सुपात फळं आणि कपड्याखाली झाकलेलं लिंगही दिसतं. आणि कालोगेरोसच्या हातात लाकडी लिंग आहेच.

बाबोचं बाळ सात महिन्यांचं, लग्नाबाहेरचं, बाप कोण ते ठाऊक नाही. डायोनिससची आई सेमेली दिवस भरायच्या आत विजेने जळाली, मग देवांचा राजा झ्यूस याने गर्भ आपल्या मांडीत शिवून ठेवला. झ्यूस हा बाप आहे यावर सेमेलीच्या बहिणींचा विश्वास नव्हता. म्हणजे अपुऱ्या दिवसांचं मूल आणि बापाबद्दल संशय, दोन्ही जुळतं.

आता दुसरी बाजू. सूप हा प्राचीन ग्रीकांचा साधा घरगुती पाळणाही होता. पुराणकथेत तान्हा हर्मिस देवसुद्धा लिक्नॉनमध्येच निजलेला आहे. टोपलीत बाळ दिसलं की डायोनिसस आलाच, असं म्हणता येत नाही. पुरावा खरा भक्कम होतो तो टोपली, लिंग, अपुऱ्या दिवसांचं बाळ, लग्न, मरण आणि उठणं हे सगळं एकाच खेळात, एकाच क्रमात, आणि तेही थ्रेसमध्ये सापडतं म्हणून. थ्रेसचे लोक आरेस, डायोनिसस आणि आर्टेमिस एवढेच देव मानतात, असं हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इ. स. पूर्व पाचव्या शतकात लिहून ठेवलं आहे.

म्हणजे हा खेळ अडीच हजार वर्षं अखंड चालू आहे?

असं ठामपणे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. प्राचीन अथेन्समध्ये फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास अँथेस्टेरिया नावाचा तीन दिवसांचा डायोनिससचा सण होता. त्यात नव्या दारूचे रांजण उघडत, 'राणी'चं देवाशी लग्न लावत आणि शेवटी मृतांना निरोप देत. लग्न आणि मृत्यू एकाच सणात, तेही हिवाळा सरताना. साम्य नाकारता येत नाही. पण तो सण आणि १८८८ यांच्या मधल्या काळात थ्रेसच्या खेड्यांत हे सोंग वर्षागणिक होत होतं, असं सलग दाखवणारी साखळी हातात नाही.

शिवाय काळ पाहा. एकोणिसाव्या शतकात नव्या ग्रीस देशाला आपण प्राचीन ग्रीकांचे थेट वारस आहोत हे सिद्ध करायचं होतं, आणि लोकपरंपरा हा त्यातला हुकमी पुरावा होता. विझीनोस जर्मनीत शिकलेला विद्वान. गावचा खेळ आठवताना त्याच्या डोक्यात डायोनिसस आधीपासून होता. नंतर केंब्रिज विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ग्रीक नाटकाचा उगम शोधताना हाच खेळ उचलून धरला. प्रत्येकाला त्यात जे हवं होतं ते दिसलं.

आमचं मत: घटक जुने आहेत, काही नक्कीच ख्रिस्तपूर्व. पण ते टिकले डायोनिससच्या आठवणीने नाही, तर पेरणी आणि पोटाच्या काळजीने. मागण्यात डायोनिससचं नाव एकदाही येत नाही. गव्हाचा भाव मात्र आकड्यांसकट येतो.

चर्चने बंदी घातली नाही का?

घातली, फार पूर्वीच. कॉन्स्टँटिनोपलला ६९२ मध्ये भरलेल्या धर्मसभेच्या ६२व्या नियमात पुरुषांनी बाईचा आणि बाईने पुरुषाचा वेष घेणं, विनोदी, शोकांत किंवा सॅटिर-नाटकांतले (सॅटिर म्हणजे डायोनिससचे अर्धपशू सोबती) मुखवटे घालणं आणि द्राक्षं तुडवताना डायोनिससचं नाव घेणं, सगळ्याला मनाई आहे. पाळलं नाही तर धर्मगुरूचं पद जाणार, सामान्य माणूस बहिष्कृत होणार. सातव्या शतकातही लोक हे सर्रास करत होते, हे या बंदीवरूनच कळतं. लोक करतच नसलेल्या गोष्टीवर कोण बंदी घालतो?

गावपातळीवर पुढे तडजोड झालेली दिसते. खेळ चर्चच्या अंगणात होतो, मागणं ख्रिस्ती देवाकडे असतं, दिवस उपासाच्या पंचांगातला. थट्टा मात्र चर्चच्याच लग्नाची आणि अंत्यविधीची.

कोस्तीचा खेळ वेगळा असतो, असं वाचलं. काय वेगळं?

कोस्तीत खून नाही, पुन्हा उठणं नाही. तिथे एकच मुख्य पात्र, मेंढीची किंवा बोकडाची कातडी, मुखवटा, गळ्यात घंटा, हातात झाडू. त्याला 'राजा' किंवा कुकेर म्हणतात. बरोबर बायकी वेषातले पोरगे, आणि एक साध्या कपड्यातला पोरगा लाकडी बुधल्यातून घराघरात पेलाभर वाइन देतो. घरवाले बदल्यात भेट देतात. मग राजाला दुचाकी गाडीत बसवून चर्चपाशी नेतात. राजाच्या मुठीत बी. विवाहितांचा एक गट आणि अविवाहितांचा दुसरा, दोघेही राजाला बी आपल्याकडे फेकायला लावतात. शेवटी तो ते चर्चसमोरच्या जमिनीवरच टाकतो. मग राजाचे कपडे उतरवून त्याला नदीत फेकतात.

फेब्रुवारीतली नदी. राजा होणं वाटतं तितकं सुखाचं नाही.

आज हा खेळ कुठे पाहता येतो?

मूळ गावांत नाही. विझी आता तुर्कस्तानात, कोस्ती बल्गेरियात. बाल्कन युद्धं आणि १९२३ च्या लोझान करारातल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत तिथले ग्रीक विस्थापित होऊन उत्तर ग्रीसमध्ये आले आणि खेळ सोबत आणला. सेरेस शहराजवळचं आयिया एलेनी हे त्यातलं सर्वात माहितीचं गाव. तिथे कोस्तीचे लोक वसले. तिथला प्रकार कोस्तीचा, म्हणून राजा, नांगर, पेरणी आणि शेवटी चिखल-पाणी बघायला मिळतं. धनुष्याने मारलेला नवरदेव शोधत बसू नका. विझीचं वर्णन वाचून आयिया एलेनीत गेलेले लोक 'खेळ कापला' म्हणून हिरमुसतात, ते यामुळेच.

निखाऱ्यांवरून चालतात ते हेच का?

ते अनास्तेनारिया. ते २१ मेला, संत कॉन्स्टंटाइन आणि हेलेना यांच्या दिवशी असतं. गाव तेच, लोकही तेच कोस्तीचे, म्हणून गल्लत होते.

स्कीरोस बेटावरच्या घंटावाल्याशी याचं नातं आहे का?

घराणं एक, खेळ वेगळा. स्कीरोसचा 'गेरोस' म्हणजेही म्हाताराच. काळी केसाळ धनगरी घोंगडी उलटी घातलेली, चेहऱ्यावर करडाच्या कातड्याचा मुखवटा, कमरेला घंटांचा जथा. वजन ५० किलोपर्यंत जातं. बरोबर बायकी वेषातली 'कोरेला' आणि पँट घातलेला 'फ्रांगोस', म्हणजे युरोपियन माणसाचं सोंग. हा शंख फुंकतो. तिथे लग्न, मरण, नांगर काही नाही. एका हिमवादळात सगळा कळप गमावलेल्या धनगराने मेलेल्या जनावरांच्या घंटा अंगावर घेतल्या, अशी बेटावरची आख्यायिका आहे.

थेस्सलोनिकीजवळच्या सोहोसमध्ये घंटा पाचच: चार एका जातीच्या आणि एक मोठी, डोक्यावर रिबिनींनी मढवलेली उंच टोपी आणि टोकाला कोल्ह्याची शेपटी. तिथे घंटांचा सूर जुळणं महत्त्वाचं मानतात, स्कीरोसला वजन पेलून डौलात चालणं.

कोकणातला संकासुर आणि गोव्याचा किंग मोमो, यांचा काही संबंध?

संकासुराचा काळा वेष, उंच टोकदार टोपी, कमरेची घुंगरं आणि बरोबर बाईच्या वेषातली गोमू पाहिली की कालोगेरोस-कोरित्सी आठवतेच. पण संबंध दाखवणारं काही नाही. हिवाळा संपताना शेतकरी समाज अशी सोंगं काढतात, एवढंच म्हणता येईल.

मोमोचा संबंध मात्र खरा आहे, नावापुरता. पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलेल्या कार्निव्हलचा राजा मोमो म्हणजे मोमॉस, ग्रीकांचा थट्टेचा आणि दोष काढण्याचा देव. त्याने देवांचीच खोडी काढली म्हणून त्याला ऑलिम्पस या देवांच्या पर्वतावरून हाकललं, अशी कथा आहे. पणजीच्या रस्त्यावरचं ते नाव ग्रीक आहे.

आमच्या नाट्यगटाला हा खेळ सादर करायचा आहे. कुठे चुकतं?

आधी जागा. फरशीवर किंवा रंगमंचावर नांगर चालत नाही. फाळ घसरतो आणि ओढणारे तोंडावर आपटतात. मातीचं मैदान घ्या. माती फार भुसभुशीत असली तर उलट त्रास: फाळ रुततो आणि दोन माणसांना हलत नाही. रुमणं धरणाऱ्याने ते दाबून फाळ वर ठेवायचा, ओरखडा उठेल एवढाच. हलका लाकडी नांगर बघा. जू मानेवर ठेवू नका, माणसाला वशिंड नसतं. छातीवरून रुंद पट्टा घ्या.

डोक्याचं कातडं पूर्ण वाळलेलं हवं. ओलसर राहिलं तर गवत आंबतं आणि तासाभरात आतल्या माणसाला मळमळतं. गवत बसलं की मुखवटा खाली सरकतो आणि डोळ्यांची भोकं गालावर येतात. हनुवटीखाली पक्का बंद घाला आणि तोंडाचं भोक मोठं ठेवा. घंटांखाली जाड घोंगडी गुंडाळा, दोर कमरेबरोबर दोन्ही खांद्यांवरूनही घ्या. नुसत्या कमरेवर टाकल्या तर घंटा खाली ओघळतात, एकमेकींत अडकून वाजत नाहीत आणि कंबर सोलवटते.

खुनाच्या प्रसंगात घाई होते. शोक लांबवा. लोक हसायचे थांबेपर्यंत मेलेल्याने उठू नये.

लोहार-जोडप्याचं तोंड काळं करणं आणि रोमांची नक्कल वगळा. लोहार म्हणून उभे करा, भाता-घण द्या; काही बिघडत नाही. बी म्हणून गहू घ्या, तोही खरा. थर्माकोलचे दाणे टाकलेत तर दुसऱ्या ऐरणीचा मुद्दाच गेला.

बायकांनी भाग घेतलेला चालतो का?

जुन्या खेळात एकही बाई नव्हती. नवरी, बाबो, लोहारीण सगळे पुरुष. तुमच्या प्रयोगात चालेल, पण कोरित्सिया पुरुषच ठेवा, नाहीतर वेषांतराचं उलटंपण जातं. सेरेस भागातच मोनोक्लिसिया गावात ८ जानेवारीला सुईणीचा दिवस असतो. तिथल्या बोलीत सुईण म्हणजे 'बाबो'च. त्या दिवशी गाव बायका चालवतात आणि पुरुष घरात चूल सांभाळतात.

जाण्याची तयारी कशी करावी?

भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो; अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. थेस्सलोनिकीला उतरा, तिथून सेरेस. सणाच्या आधी सेरेसमध्ये खेळाची वेळ विचारून घ्या. थंडी असते, जमीन ओली असते, आणि चिखल प्रेक्षकांवरही उडतो. गमबूट आणि जुना कोट. सोंगाडे दारी आले तर हात रिकामे ठेवू नका, एखादं नाणं द्या. फोटो काढता येतात, पण नांगराच्या फेऱ्या चालू असताना रिंगणात शिरू नका: बी टाकणाऱ्याची वाट अडते.